परसातल्या तळ्यासाठी पंप कसा निवडावा

बेळगाव, निपाणी किंवा चिकोडीच्या बाजारात पंप घ्यायला गेल्यावर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो "किती एचपीचा?" असा. विहीर, बोअर आणि ऊस यांच्या हिशेबाने चालणाऱ्या या पट्ट्यात तो प्रश्न रास्तच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले ते बेळगावात, आणि पुढे त्यांच्या कारखान्यातून निघालेले पंप गावोगावच्या विहिरींवर बसले. त्यामुळे पंप म्हटला की आपल्याला शेतातली मोटारच आठवते. परसातल्या दहा-बारा फुटी तळ्याला मात्र एचपीचा हिशेब लागू पडत नाही. तासाला किती लिटर पाणी फिरायला हवे, ते किती उंचीवर चढवायचे आहे आणि कोणत्या व्यासाच्या पाईपमधून जाणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

तळ्यात पाणी किती आहे

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला २८.३ ने गुणावे. उत्तर लिटरमध्ये येते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सरासरी दोन फूट खोल तळ्यात १२० घनफूट, म्हणजे सुमारे ३,४०० लिटर पाणी असते. गोल हौद असेल तर व्यासाचा वर्ग करून त्याला ०.७८५ ने, मग खोलीने आणि शेवटी त्याच २८.३ ने गुणावे. येथे लक्षात ठेवायचे ते इतकेच की खोली सरासरी हवी. कडेला पायरी आणि मध्ये खळगा असलेल्या तळ्याची सर्वांत खोल जागा मोजून हिशेब केला, तर पाणी दीडपट दिसते आणि पंपही विनाकारण मोठा घेतला जातो.

तळ्याचा आकार वेडावाकडा असेल तर मोजपट्टी बाजूला ठेवून तळे भरतानाच हिशेब करणे सोपे पडते. नळी बादलीत धरून पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहावे आणि मग तळे भरायला लागलेला वेळ नोंदवावा. बादली एका मिनिटात भरत असेल तर तासाला ९०० लिटर पाणी येते. तळे भरायला पावणेचार तास लागले तर त्यात सुमारे ३,४०० लिटर पाणी आहे.

तासाला किती पाणी फिरावे

नुसती कमळे आणि कुमुदिनी असलेल्या तळ्याला खरे तर पंपाची सक्ती नाही. कुमुदिनीला संथ पाणी आवडते. पानांवर सतत पाणी उडत राहिले तर ती नीट वाढत नाही. अशा तळ्यात गप्पी मासे सोडले की डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त होतो, आणि पावसाळ्यानंतर डेंग्यूची धास्ती असलेल्या गल्ल्यांत ते करायलाच हवे. पंप हवा असेल तर तीन-चार तासांत तळ्यातले सर्व पाणी एकदा फिरेल इतका छोटा पुरतो.

मासे थोडे असतील तर दोन तासांत एकदा, आणि कोईसारखे मोठे, खादाड मासे दाटीने असतील तर तासाला एकदा सगळे पाणी गाळणीतून जावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. आपल्या ३,४०० लिटरच्या उदाहरणात थोड्या माशांसाठी तासाला १,७०० लिटर पुरेत. माशांच्या तळ्याचा पंप रात्री बंद करण्याची सवय अनेक घरांत दिसते, ती मात्र घातक आहे. दिवसा पाणवनस्पती ऑक्सिजन देतात. रात्री त्याच वनस्पती तो घेऊ लागतात, आणि पहाटेच्या सुमारास पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी होतो. त्यातही पाणी जितके गरम तितका ऑक्सिजन कमी: २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम विरघळू शकतो, तर ३० अंशांना साडेसातच. अथणी-कागवाडकडच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उथळ तळ्यात हा फरक माशांच्या जिवावर बेततो.

धबधबा हवा असेल तर हे सगळे आकडे मागे पडतात. ज्या दगडी ओठावरून पाणी पडायचे, त्याच्या दर इंच रुंदीमागे तासाला सुमारे ३७५ लिटर पाणी असेल तर पातळ, सलग पडदा दिसतो; खळखळाट हवा असेल तर साडेपाचशे लिटरपर्यंत जावे लागते. म्हणजे एक फूट रुंद ओठाला किमान ४,५०० लिटर. माशांना १,७०० पुरत असताना धबधबा ४,५०० मागतो, हे आधी ध्यानात घ्यावे. पुष्कळदा ओठ दीड फुटावरून दहा इंचांवर आणणे हाच सर्वांत स्वस्त उपाय असतो, आणि तो गवंडी कामावर असतानाच सुचायला हवा.

उंची, म्हणजेच हेड

खोक्यावर "तासाला ६,००० लिटर" असे मोठ्या अक्षरांत आणि "कमाल हेड ३ मीटर" असे लहान अक्षरांत छापलेले असते, आणि गिऱ्हाईक समजतो की हा पंप तीन मीटर उंचीवर ६,००० लिटर पाणी टाकेल. तसे होत नाही. ६,००० लिटर हा आकडा पाणी अजिबात न चढवता, पाईपही न जोडता मिळणारा आहे. आणि तीन मीटर ही ती उंची आहे जिथे पाणी पोचते पण बाहेर पडत नाही. तुमचे तळे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते.

गोकाकला घटप्रभेचे पाणी सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, आणि उंचीवरून पडणारे पाणी किती शक्ती देते हे या भागाने तिथल्या जलविद्युत केंद्रामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पाहिले. पंपाचा व्यवहार याच्या उलटा आहे: पाणी जितके वर न्यायचे तितकी शक्ती आपण द्यायची. दिलासा इतकाच की पाण्यात बुडवलेल्या पंपाला त्याच्या वर असलेल्या पाण्याची उंची मोजावी लागत नाही. पंप दोन फूट खोल असला तरी हेड मोजायचे ते तळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून पाईपच्या वरच्या तोंडापर्यंत. उन्हाळ्यात पाणी आटून पातळी उतरते तेव्हा हेड तेवढेच वाढते, म्हणून मोजमाप मे महिन्यातल्या पातळीवरून घ्यावे.

या उंचीत पाईपमधल्या घर्षणाचा भार मिळवावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेकांकडून विसरला जातो. आपल्या उदाहरणात धबधब्याचा ओठ पाण्यापासून चार फुटांवर, म्हणजे १.२ मीटरवर आहे आणि पाईप पाच मीटर लांब आहे असे धरू. तासाला ४,५०० लिटर पाणी आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत पाईपमधून नेले, तर घर्षणातच सुमारे १.३ मीटर हेड खर्च होते. म्हणजे प्रत्यक्ष चढापेक्षाही पाईपचाच अडथळा मोठा. तेच पाणी आतून ३८ मिलिमीटरच्या पाईपमधून नेले तर हा खर्च २० सेंटिमीटरच्या आत येतो. वळ्या असलेला होस पाईप याहून जास्त अडवतो आणि प्रत्येक एल्बो आपला वाटा घेतो, म्हणून काटकोनी दोन एल्बोंऐवजी ४५ अंशांची वळणे द्यावीत. पंपाचे तोंड एक इंचाचे आहे म्हणून पाईपही एक इंचाचा घ्यावा, असा नियम नाही. तोंडाला रिड्यूसर, म्हणजे व्यास बदलणारा जोड, लावून लगेच दीड इंचावर यावे. पाईपसाठी एकदाच मोजलेले जादा पैसे पंपाच्या वॅटमध्ये वर्षानुवर्षे वाचतात, आणि माझ्या मते या सगळ्या खरेदीत त्याहून शहाणा खर्च दुसरा नाही.

आता बेरीज करू. चढ १.२ मीटर, पाईप ०.२, एल्बो आणि जोड मिळून ०.३ ते ०.४, एकूण सुमारे १.८ मीटर. पंपाच्या पुस्तिकेत हेड आणि प्रवाह यांचा आलेख असतो, त्यात १.८ मीटरसमोर ४,५०० लिटर दिसले पाहिजेत. आलेख मिळाला नाही तर दोन टोके सरळ रेषेने जोडून अंदाज घ्यावा. खऱ्या पंपाची रेषा बहुधा याच्या थोडी वर असते, त्यामुळे अंदाज सावधपणाचाच ठरतो. ६,००० लिटर आणि तीन मीटरचा पंप १.८ मीटरवर या हिशेबाने २,४०० लिटर देईल, म्हणजे निम्माच. १०,००० लिटर आणि चार मीटरचा पंप सुमारे ५,५०० देईल. तो घ्यावा आणि जास्तीचे पाणी बॉल व्हॉल्व्हने आवरावे. व्हॉल्व्ह नेहमी बाहेर पडणाऱ्या बाजूला असावा. ओढणाऱ्या बाजूला कधीही नाही.

विजेचे बिल आणि दोन पंपांचा विचार

घरात अर्ध्या एचपीची जुनी मोटार पडलेली असते आणि तीच तळ्याला लावण्याचा मोह होतो. अशी मोटार साधारण साडेपाचशे वॅट ओढते. ती अहोरात्र चालली तर महिन्याला ३९६ युनिट होतात. कर्नाटकातल्या घरगुती ग्राहकांना २०२३ पासून गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेचा लाभ मिळतो, पण महिन्याचा वापर २०० युनिटच्या पुढे गेला की त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते. म्हणजे एका फुकटच्या मोटारीपायी संपूर्ण घराची सवलत जाऊ शकते. शिवाय बोअरसाठी, म्हणजे मोठ्या हेडसाठी बनवलेला पंप चार फुटांवर चालवला तर तो ठरल्यापेक्षा फार जास्त पाणी ढकलू पाहतो, मोटारीवर ताण येतो आणि वाइंडिंग जळते.

वर निवडलेल्या १०,००० लिटरच्या चांगल्या तळ्याच्या पंपाला ९० वॅटच्या आसपास वीज लागते. अहोरात्र चालवल्यास महिन्याला ६५ युनिट. हेही परवडेल, पण त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे कामांची वाटणी. माशांसाठी आणि गाळणीसाठी २५ वॅटचा छोटा पंप दिवसरात्र चालवावा, त्याचे १८ युनिट होतात. धबधब्याचा मोठा पंप संध्याकाळी चार तास, पाहुणे आले तर जास्त, चालवावा, त्याचे ११ युनिट होतात. दोन्ही मिळून २९ युनिट. शिवाय एक पंप बिघडला तर दुसऱ्यावर मासे तगतात. दोन पंपांची किंमत सुरुवातीला जड वाटते, हे खरे. तरी तळ्यात मासे असतील तर मी हाच सल्ला देईन.

कोणत्या जातीचा पंप

या कामासाठी पाण्यात बुडणारा, चुंबकी रोटरचा पंप सर्वांत सोयीचा. त्यात फिरणारा भाग एकच असतो, तो हाताने काढून धुता येतो आणि तेल मुळीच नसते. तेल भरलेले बुडीत पंप माशांच्या तळ्यात वापरूच नयेत. सील फुटले तर तेल थेट पाण्यात येते. पितळी इंपेलरचे पंपही टाळावेत, कारण तांब्याचा अंश माशांना बाधतो. कूलरचा पंप स्वस्त असल्याने अनेकजण तो तळ्यात टाकतात. लहान कुंडीतल्या कारंज्यासाठी तो ठीक आहे, परंतु पान, काडी किंवा शेवाळ आले की तो लगेच अडकतो, आणि त्याचे हेडही नावापुरते असते.

कारंज्याचा पंप आणि गाळणीचा पंप यांतला फरक विचारून घ्यावा. कारंज्याच्या पंपाची जाळी बारीक असते, कारण नोझलची छिद्रे तुंबू नयेत; गाळणीचा पंप सहा-आठ मिलिमीटरपर्यंतची घाण ओढून गाळणीपर्यंत नेतो. एकाच पंपाकडून दोन्ही कामे घेतली की दोन्ही बिघडतात. तळ्याबाहेर बसणारा मोनोब्लॉक दहा-पंधरा हजार लिटरांच्या पुढच्या तळ्यालाच शोभतो. त्याला फूटव्हॉल्व्ह लागतो, पाणी भरून हवा काढावी लागते आणि त्याचा आवाज शेजारच्या खोलीत पोचतो. सौरपंप अथणी, रायबागच्या उघड्या आभाळाखाली चांगला चालेल. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात मात्र आठवडेच्या आठवडे ऊन नसते, तिथे बॅटरीशिवायच्या सौरपंपावर माशांचा जीव सोपवू नये.

वीज जाण्याचा विचारही निवडीच्या वेळीच करावा. घरच्या इन्व्हर्टरवर पंप जोडायचा असेल तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर चुंबकी पंप गुणगुणतो आणि तापतो. व्होल्टेज फार उतरले तर जुन्या पद्धतीचा चुंबकी पंप सुरूच होत नाही, नुसता थरथरतो. इलेक्ट्रॉनिक सर्किटचे कमी वॅटचे पंप अशा चढउतारांत तगतात, परंतु वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की त्यांचा प्लग काढून ठेवावा लागतो, कारण एका झटक्यात सर्किट जाते. खानापूरकडे पावसाळ्यात झाड तारांवर पडून तासन्तास वीज नसते. तिथे छोटा बॅटरीचा एअर पंप हाताशी असावा. बराच वेळ प्रवाह थांबला तर गाळणीतले उपयुक्त जिवाणूही गुदमरतात, म्हणून वीज आल्यावर गाळणीतले साचलेले पाणी आधी बाहेर सोडावे आणि मगच पंप सुरू करावा.

सुरक्षा

येथे काटकसर नको. पंपाच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावावी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. केबल दहा मीटरची मिळते ती घ्यावी. पाण्यात किंवा मातीखाली केबलला सांधा नसावा, आणि केबल कापली तर बहुतेक कंपन्यांची गॅरंटी जाते. सॉकेट पागोळ्यांखाली न येईल अशा उंचीवर, झाकणाच्या पेटीत बसवावे आणि केबल सॉकेटच्या खाली थोडी लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी खालच्या वळणावरून टपकून जाते. पंप केबल धरून उचलू नये. हँडलला नायलॉनची दोरी बांधावी. तळ्यात हात घालण्याआधी प्लग काढावा, बटण बंद करून भागत नाही.

बसवताना आणि नंतर

पंप तळाशी टेकवू नये. दोन विटांवर ठेवावा. त्याने गाळ कमी ओढला जातो, आणि पाईप कुठे सुटलाच तर पंप तळे पूर्ण रिकामे करत नाही, माशांपुरते पाणी राहते. धबधबा एका टोकाला असेल तर पंप दुसऱ्या टोकाला असावा, नाहीतर तेच तेच पाणी फिरत राहते आणि उरलेले तळे सडते. बेळगाव-खानापूरची तांबडी माती पहिल्याच पावसात वाहून तळ्यात येते आणि चिकोडीकडची काळी माती त्याहून बारीक असल्याने पाण्यात तरंगत राहते. दोन्ही ठिकाणी तळ्याचा कठडा जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच असणे हे पंपाचे आयुष्य वाढवणारे काम आहे. पंप छिद्रांच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये ठेवून वरून कांद्याची जाळीदार पिशवी ओढली की पाने आणि शेवाळ बाहेर थांबते. ही पिशवी आठवड्याला धुवावी.

बोअरचे पाणी जड असेल तर रोटरवर पांढरा थर चढतो आणि पंपाचा आवाज बदलतो. रोटर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवावा, मऊ ब्रशने घासावा आणि स्वच्छ धुवावा. म्हणून खरेदी करतानाच रोटर आणि शाफ्ट सुटे मिळतात का, ते विचारावे. परदेशी बनावटीचा स्वस्त पंप ऑनलाइन मिळतो, पण त्याचा दहा सेंटिमीटरचा शाफ्ट मोडल्यावर पूर्ण पंप टाकावा लागतो. बेळगावच्या दुकानात सुटा भाग मिळणारा पंप थोडा महाग पडला तरी घ्यावा. गाळणीतला स्पंज मात्र नळाखाली धुऊ नये. क्लोरिनने जिवाणू मरतात. तो तळ्यातल्याच पाण्यात पिळावा.

पंप बसल्यावर पहिल्याच दिवशी वरच्या तोंडाशी बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते मोजावे आणि तो आकडा सॉकेटच्या पेटीच्या आत लिहून ठेवावा. पंधरा लिटरची बादली बारा सेकंदांत भरली तर तासाला ४,५०० लिटर येत आहेत. पुढे कधी तिला सोळा सेकंद लागू लागले, तर प्रवाह पाव हिश्शाने घटला आहे. आधी जाळी, मग रोटर आणि शेवटी पाईपचे सांधे या क्रमाने तपासावे.